शेवटच्या ओळीतला तबलजी

मैफल नांदेडची असो की लातूरची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापून येणारा वृत्तान्त बहुधा एकाच साच्यातला असतो. गायकानं यमन रंगवला, नाट्यगीतानं टाळ्या घेतल्या, भैरवीनं सांगता झाली. आणि अगदी शेवटी, आभाराच्या अलीकडे, ‘तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली’. दोन-अडीच तासांचं काम ‘समर्पक’ या एका शब्दात आटोपतं. मी तबला वाजवतो आणि वर्तमानपत्रातही लिहितो. त्या ओळीत माझं नाव आलेलं आहे आणि घाईच्या रात्री ती ओळ मीही लिहिलेली आहे. मराठवाड्यातल्या संगीतलेखनाचं दुखणं मला तिथेच दिसतं: तालाचा देश आहे, पण तालावर लिहिणारं कुणी नाही.

याबाबतीत खेड्यातली सप्त्याची पत्रिका वर्तमानपत्राच्या पुढे आहे. अखंड हरिनाम सप्ताहाची कुठलीही पत्रिका उघडा, कीर्तनकारांच्या खाली गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांची नावं वेगळी, गावासकट छापलेली असतात. ऐकणारेही तयार असतात. मृदंगाच्या, म्हणजे पखवाजाच्या, डाव्या तोंडाला लावलेली कणीक कमी पडली का, अभंगाची चाल चढली की हात भरतो की फाटतो, कीर्तनकार थांबला त्या अक्षरावर थाप पडली का, हे पारावर बसलेला माणूस बरोबर सांगतो. पण ही जाण बोलण्यातच राहते. लातूरहून फार लांब नसलेल्या अंबाजोगाईच्या परिसरातलं आपेगाव म्हणजे पखवाजाचं गाव. तिथल्या शंकरबापू आपेगावकरांनी वारकऱ्यांचा पखवाज देशभरच्या मंचांवर नेला, पद्मश्री मिळवली. पुढे उद्धवबापूंनी तो वारसा चालवला. शंकरबापूंवरचे गौरवलेख मी पुष्कळ वाचले. त्यांची थाप कशी होती, परणींची बांधणी कशी होती, कीर्तनातल्या वादनाला मैफलीत आणताना त्यांनी काय सोडलं आणि काय राखलं, याची चिकित्सा मात्र माझ्या वाचनात आली नाही.

मराठीत वाजवणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हतीच, असं नाही. गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे उस्ताद, भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेले. त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ वाचताना साथीदाराच्या जागेवरून गवई कसा दिसतो ते कळतं, कारण साथ करणाऱ्याला पुढची जागा आधी ओळखावी लागते. केशवराव भोळे स्वतः गात, चाली बांधत आणि ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर सडेतोड लिहीत. पुढे ‘संत तुकाराम’चं संगीतही त्यांचंच. तबल्यापुरतं बोलायचं तर अमीर हुसेन खाँसाहेबांचे शिष्य अरविंद मुळगावकर यांचं ‘तबला’ आणि सुरेश तळवलकरांचं ‘आवर्तन’ ही दोन पुस्तकं माझ्या टेबलावरून हलत नाहीत. आणि वृत्तपत्री लेखनाच्या सर्वांत जवळचं उदाहरण मुंबईच्या अनीश प्रधान यांचं. निखिल घोषांकडे तबला शिकलेला हा माणूस इतिहासात पीएच.डी. करतो, वसाहतकाळातल्या मुंबईच्या संगीतावर 2014 साली इंग्रजीत ग्रंथ देतो आणि वाचकांसाठी संगीतावर स्तंभही लिहितो. अमेरिकेत जॅझवर लिहिणारा स्टॅन्ली क्राउच (1945–2020) मुळात ड्रमवादकच होता. न्यूयॉर्कमध्ये त्यानं ड्रम वाजवले आणि नंतर पूर्णवेळ लेखणी धरली. त्याच्या मतांवरून भांडणं झाली, पण हे ऐकणारे कान वाजवणाऱ्याचे आहेत, हे कुणाला नाकारता आलं नाही.

वाजवणाऱ्याला वेगळं काय ऐकू येतं? अतिविलंबित एकताल घ्या. मात्रा बारा, पण एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. गायक आलापीत लय मागे खेचत असतो आणि तबलजीनं ती न दाखवता धरून ठेवायची असते. श्रोत्याला तिथे काहीच घडत नाही असं वाटतं, आणि खरं काम तिथेच चाललेलं असतं. माघातल्या रात्री उघड्या पटांगणात दव पडायला लागलं की तबल्याची पुडी सैल होते, सूर उतरतो. मग दोन आवर्तनांच्या मध्ये हातोडी गजऱ्यावर पडते. ते टकटक ऐकून पुढच्या रांगेतला श्रोता वैतागतो. समीक्षकाला कळायला हवं की याच माणसानं गायकाचा षड्ज वाचवला. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यानं डग्याचा माईक फुगवला की सगळी बारीक अक्षरं बुडतात. हेही लिहिलं पाहिजे, कारण ऐकणाऱ्याचा रसभंग त्यानंच होतो.

आणि नांदेड-लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत ऐकण्यासारखं किती आहे! नांदेडला शिखांच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये रोज कीर्तन चालतं आणि त्याला तबला असतो. पंजाबच्या ‘जोडी’ या जुन्या तालवाद्यात डाव्या वाद्याला कणीकच लावत. म्हणजे गोदावरीच्या काठच्या या एका शहरात वारकऱ्यांचा पखवाज आणि पंजाबचा बाज, कणकेचे हे दोन सोयरे, शेजारी नांदतात. या शेजारावर एखादी लेखमाला का होऊ नये? माहूरला रेणुकेच्या गोंधळात संबळ वाजतो: दोन असमान वाद्यं, एक काठी सरळ, दुसरीचं टोक वाकडं. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्यांची दिमडी असते. यात्रेच्या बातम्यांत घोडे, गाढवं, लावणी महोत्सव येतो; दिमडी फोटोत येते, मजकुरात येत नाही.

हलगीबद्दल लिहिताना तर फार जबाबदारीनं लिहावं लागतं. जाळावर तापवून चढवलेलं ते कातडं, एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक काडी. लग्नाचं वाजवणं वेगळं, जत्रेचं वेगळं, मयताचं वेगळं. ‘बेभान करणारी हलगी’ असं लिहिणाऱ्यानं हे तीन ठेके वेगळे ऐकलेलेच नसतात. शिवाय हे वाद्य बहुतेक ठिकाणी मातंग समाजाच्या गळ्यात गावकीचं काम म्हणून अडकवलेलं होतं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर दलित वस्त्यांमधल्या अनेकांनी गावकीची वाद्यं खाली ठेवली, आणि तो निर्णय स्वाभिमानाचा होता. आज त्याच हलगीवर कॉलेजची मुलं-मुली युवक महोत्सवातल्या लोकवाद्यवृंदात बक्षिसं आणतात. मला त्याचा आनंद आहे. पण त्या मुलांना हात कुणी घालून दिला, त्या माणसाला शिकवण्याचं मानधन मिळालं का, मंचावर त्याचं नाव घेतलं का, हे प्रश्न समीक्षेचेच आहेत. ते बाजूला ठेवून नुसत्या लयीचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक वाद्याबद्दल थोडंसंच. ऑर्केस्ट्रात आणि जागरणातसुद्धा त्यानं ढोलकीची जागा घेतली, कारण एका माणसात चौघांचं काम भागतं. वाद्य वाईट नाही. पण पॅडवर काठी मारून आलेल्या ढोलकीला मींड नसते, आणि ऐकणाऱ्यांना तो फरक सांगणारं कुणीतरी हवं.

साधनं नाहीत, असं म्हणता येणार नाही. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून आहे, प्रयोगजीवी कला तिथे शिकवल्या जातात. दरवर्षी संगीत शंकर दरबारला देशातले मोठे कलावंत येतात. नांदेडला ‘प्रजावाणी’, लातूरला ‘एकमत’ अशी इथल्या मातीतली दैनिकं आहेत. आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी तबल्याची मुलं तर गल्लोगल्ली आहेत. विशारदपर्यंत पोचलेल्या प्रत्येकानं लेखी पेपर दिलेला असतो. कायदे, रेले लिपीत उतरवलेले असतात, घराण्यांवर उत्तरं लिहिलेली असतात. पेन धरता येणारे वादक आपल्याकडे आहेत. निकाल लागला की ते पेन खाली ठेवतात, एवढंच.

त्यांच्यासाठीच हा लेख आहे. पुढची मैफल ऐकून घरी आलात की झोपण्याआधी तीनशे शब्द लिहा. ठेका कुठला होता, लय कुठे चढली, समेवर कोण आधी पोचलं, ते लिहा. वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि त्याच्या गुरूचं नाव पहिल्या परिच्छेदात घाला. आणि सकाळी तो मजकूर जिल्ह्याच्या पानाकडे पाठवा.