पाहुण्याचे ताट : एका आफ्रिकी विद्यार्थ्याचे पेकिंग

इमॅन्युएल जॉन हेवी हे घानाचे. १९६० साली ते चीनमध्ये शिकायला गेले, १९६२ साली शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडले आणि १९६३ साली त्यांचे 'अॅन आफ्रिकन स्टुडंट इन चायना' हे पुस्तक लंडनहून निघाले. माझ्या एका मार्क्सवादी मित्राला मी ते वाचायला दिले. त्याने प्रकाशकाचे नाव पाहिले आणि पुस्तक तसेच परत केले. अमेरिकेत ते प्रेगरने काढले होते, आणि ह्या प्रेगरने काही पुस्तके सी.आय.ए.च्या सांगण्यावरून काढली, हे १९६७ साली उघड झाले. मित्राचा संशय मी समजू शकतो. हेवींचा सूर साम्यवादविरोधी आहे, हेही खरे. पण छापणारा कोण ह्यावरून दुखणे खोटे ठरत नाही. 'तुमच्या बोलण्याचा शत्रू फायदा घेईल, तेव्हा तूर्त गप्प बसा' हा उपदेश आपण काय कमी ऐकला आहे?

हेवींच्या हिशेबाप्रमाणे त्या काळात चीनमध्ये ११८ आफ्रिकी विद्यार्थी होते. त्यांतले ९६ निघून गेले किंवा जायच्या तयारीत होते. म्हणजे एकट्या माणसाचा हा चडफडाट नव्हे. ते कारणे देतात : राजकीय शिकवणुकीचा मारा, भाषेची अडचण, शिक्षणाचा हलका दर्जा, कोंडलेले सामाजिक जीवन, उघड वैर आणि वर्णभेद. पहिली तीन कारणे मी बाजूला ठेवतो. परदेशी गेलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याची ती थोडीफार असतात. उरलेल्या तिहींपाशी मात्र थांबले पाहिजे.

गंमत अशी की ह्या विद्यार्थ्यांना काही कमी दिले जात नव्हते. उलट त्यांचा भत्ता चिनी विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी जास्त होता. जेवण वेगळे, आणि चांगले. तेही कोणत्या दिवसांत? १९५९ ते १९६१ ह्या भयंकर दुष्काळाच्या दिवसांत. 'झेप पुढे'च्या अट्टाहासाने चीनची खेडी उपाशी मरत होती आणि पेकिंगमध्ये काळ्या पाहुण्याचे ताट भरलेले होते. मग तक्रार कशाची?

तक्रार ताटाची नव्हतीच, पंक्तीची होती. एक अनुभव सांगतो. मी नोकरीला नवा असताना एका पुरोगामी सहकाऱ्याने मला घरी जेवायला बोलावले. सगळ्यांच्या आधी मला वाढले, माझ्यासाठी खास नवे ताट काढले, दोन्ही बाजूंनी आग्रह चालला होता. घरचे कोणी माझ्याबरोबर बसले नाही. 'तुम्ही पाहुणे ना!' असे ते म्हणाले. शिवी दिली असती तर उत्तर देता आले असते. त्या आग्रहाला उत्तर नव्हते. हेवींचे पुस्तक मला कळले ते त्या जेवणामुळे.

पंक्ती मोडण्याचा प्रसंग आला की पाहुणचाराचा मुलामा उडतो. आफ्रिकी मुलगा आणि चिनी मुलगी ह्यांची मैत्री जुळू लागली की पाळत सुरू होई. अशा मुलींना शिक्षा झाल्याचे हेवी लिहितात. १९६२ च्या मार्चमध्ये पेकिंगच्या पीस हॉटेलात झांझिबारच्या एका विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांचा संताप उसळला. आता तारखा पाहा. ८ ऑगस्ट १९६३ रोजी माओंनी अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याला पाठिंबा देणारे निवेदन काढले. हेवींचे पुस्तकही त्याच वर्षीचे. माओंचे निवेदन ढोंगी होते असे मी म्हणत नाही. त्या शब्दांनी अमेरिकेतल्या काळ्यांना बळ दिले आहे. पण दूरच्या काळ्याशी बंधुता आणि शेजारच्या खोलीतल्या काळ्याशी बंधुता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चीनने पुढे आर्थिक धोरण बदलले, तरी ही गाठ सुटली नाही. २४ डिसेंबर १९८८ रोजी नानजिंगच्या होहाय विद्यापीठात नाताळच्या नाचाला दोन आफ्रिकी विद्यार्थी चिनी मैत्रिणींना घेऊन आले. फाटकावर नावे नोंदवण्यावरून भांडण जुंपले आणि पुढे शहरभर आफ्रिकींविरुद्ध मोर्चे निघाले.

'बुद्ध की कार्ल मार्क्स' ह्या निबंधात बाबासाहेबांनी समतेबरोबर बंधुता आणि स्वातंत्र्य ह्यांचाही हिशेब मागितला. मालकी हक्क बदलला की माणसाच्या मनातला विटाळ आपोआप जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी हेवी वाचावेत.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर माझ्या मित्राशी अन्याय होईल. मोनिका मासियास हिचे 'ब्लॅक गर्ल फ्रॉम प्योंगयांग' हे पुस्तक २०२३ साली आले. विषुववृत्तीय गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासियास न्गुएमा ह्यांची ही मुलगी. १९७९ मध्ये ती उत्तर कोरियाला आली. त्याच वर्षी बापाला सत्तेवरून खेचून ठार मारण्यात आले. किम इल सुंग ह्यांच्या छत्राखाली ती वाढली, मानग्योंगदेच्या क्रांतिकारी शाळेत शिकली, १९९४ साली बाहेर पडली. कोरियन हीच तिची भाषा झाली. विद्यार्थिदशेत ती पेकिंगला गेली असता तिला एक अमेरिकन भेटला आणि ती घाबरून पळत सुटली. शाळेने तिला तेवढेच शिकवले होते! तरीही तिच्या लेखनात त्या देशाविषयी माया आहे, कारण तिथे तिला लहानपण मिळाले. बाप जुलमी होता, पालक हुकूमशहा होता, हे जगाचे म्हणणे तिला चुकवता येत नाही आणि गिळताही येत नाही. तिची माया मला खोटी वाटत नाही. मात्र ती राष्ट्राध्यक्षाची लेक होती. हेवी आणि त्यांचे सोबती शिष्यवृत्तीवर आलेली साधी पोरे होती.

हेवींबद्दल माझी एक तक्रार आहेच. ते आपल्या लोकांच्या अपमानाचा चोख जमाखर्च ठेवतात. पण ज्या चिनी मुलींना त्यांच्या मैत्रीपायी शिक्षा झाली, त्यांचे पुढे काय झाले ह्यावर त्यांनी लिहिले त्याहून पुष्कळ अधिक लिहायला हवे होते. हेवींना विमान पकडून परत जाता आले, लंडनला प्रकाशक मिळाला. त्या मुलींना जायला दुसरा देश नव्हता. त्यांच्यापैकी एखादीचे आत्मकथन हाती आले, तर मी ते हेवींच्या आधी वाचीन.