निळ्या फरशांवरील दोन कथा

पोर्तुगालातील पोर्तो शहरी सांत इल्देफोन्सोचे जुने ख्रिस्तमंदिर आहे. १९३२ साली जॉर्ज कोलासो ह्या चित्रकाराने त्याचे दर्शनी अंग सुमारे ११,००० निळ्या-पांढऱ्या चित्रित फरशांनी मढविले. संतचरित्र व शुभवर्तमानातील प्रसंग तेथे वाटसरूलाही वाचता येतात. चित्र आणि प्रेक्षक ह्यांची श्रद्धा एकच असल्याने ती भिंत त्याच्याशी आपलेपणाने बोलते.

त्याच हाताची १९३५ सालची फरशीचित्रे पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आहेत. रेखाटन तितकेच सफाईदार, निळाई तितकीच शीतल. परंतु विषय आहे कामोंइशच्या महाकाव्याचा, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा. कवीची दृष्टी गलबतावरून किनाऱ्याकडे पाहते. आपण तर किनाऱ्यावरचे! म्हणून कौशल्याला दाद देतानाही मन अडखळते, आणि ते अडखळणे लपविणे ही खरी रसिकता नव्हे.

तरीही ही चित्रे राहिली हे योग्यच झाले. १९३० साली गोव्याच्या कायदेमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणाऱ्या पुरुषाचेच नाव आज त्या संस्थेला आहे. जेत्याची कथा आणि तिचे उत्तर तेथे एकाच छपराखाली नांदतात. पिंपरी-चिंचवडहून सुटीत गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना ती दोन्ही दाखवावीत.