रेडमाइन बसवताना वाचायचं ते

सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवणं हे उरकायचं काम, असाच बहुतेकांचा खाक्या. कमांड टाकायची, एरर आली तर शोधायची, लॉगिनचं पान उघडलं की सुटलो. रेडमाइनच्या बाबतीत मात्र मधला एक टप्पा उरकू नये, वाचावा.

रेडमाइन म्हणजे ज्याँ-फिलिप लांग यांनी २००६ मध्ये आणलेलं, रुबी ऑन रेल्समध्ये लिहिलेलं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मुक्त सॉफ्टवेअर. कामांच्या नोंदी, गँट चार्ट, विकी, वेळेचा हिशेब, सगळं आपल्याच सर्व्हरवर. सुरुवात रुक्ष आहे. पोस्टग्रेसमध्ये एक युजर आणि एक रिकामा डेटाबेस करायचा, मग त्यांची नावं ‘डेटाबेस डॉट वायएमएल’मध्ये लिहायची. ही फाइल भलतीच सोवळी. टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. कोलननंतर जागा सोडली नाही तर अडून बसते. एवढी शिस्त, आणि पासवर्ड मात्र उघडावाघडा! त्यामुळे ती फाइल इतरांना वाचता येणार नाही अशा परवानग्या आधी लावाव्यात. मग ‘बंडल इन्स्टॉल’, गुप्त टोकन, आणि त्यानंतर खरी मजा: ‘रेक डीबी:मायग्रेट’, म्हणजे क्रमांक दिलेल्या मायग्रेशन फाइली एकामागून एक चालवून डेटाबेसची रचना उभारणारी कमांड.

एंटर दाबला की पडद्यावर ओळी धावू लागतात. बरोबरच्या चिन्हांच्या लांबलचक रांगेत ‘१ सेटअप’, खाली एकेक टेबल तयार झाल्याची नोंद आणि त्याला लागलेला सेकंदाचा अंश. प्रोजेक्ट, युजर, इश्यू, ट्रॅकर अशी टेबलं पहिल्याच फाइलीत उभी राहतात. ‘अ‍ॅडमिन’ हा पहिला वापरकर्ताही तिथेच जन्माला येतो. त्याचा पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’च, म्हणून तो पहिल्या लॉगिनलाच बदलायचा. पण या गर्दीत ‘इश्यू हिस्टरीज’ नावाचं एक टेबलही बनतं. त्यावर नजर ठेवा. सातव्या क्रमांकाची फाइल येते, ‘जर्नल्स’ नावाची नवी व्यवस्था उभारते, जुन्या टेबलातल्या नोंदी तिकडे हलवते आणि ते टेबल पाडून टाकते. आपला डेटाबेस कोरा, हलवायला एकही नोंद नाही. तरी बांधकाम, स्थलांतर, पाडकाम सगळं यथासांग होतं. फाइल उघडून पाहिलीत तर आणखी एक गंमत दिसेल: मूळ प्रोग्रॅममधून काढून टाकलेल्या मॉडेलची छोटी नक्कल तिथे जपून ठेवली आहे, केवळ या एका हलवाहलवीसाठी. इतकी सभ्य साफसफाई मी कमी ठिकाणी पाहिली आहे.

क्रमांक असे १०८ पर्यंत जातात आणि मग एकदम चौदा आकडी होतात. कारण असं, की रेल्सच्या २.१ या आवृत्तीने २००८ मध्ये साधे अनुक्रमांक सोडून वेळेचे शिक्के आणले. दोघांनी एकाच वेळी पुढचा तोच क्रमांक घेतला तर होणारा घोळ त्याने टळला. रेडमाइनमधला पहिला शिक्का सांगतो: २००९, फेब्रुवारी १४, यूटीसीप्रमाणे संध्याकाळचे सात वाजून तीन मिनिटं सदतीस सेकंद. व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी कोणीतरी वॉचर्सच्या टेबलाला इंडेक्स घालत होतं! तिथून पुढे प्रत्येक बदलाला तारीख-वार आहे.

याच घराण्यातला ओपनप्रोजेक्ट (रेडमाइनपासून २०११ मध्ये फुटलेल्या चिलीप्रोजेक्टचा वारस) जुने टप्पे एकत्र करून टाकतो. तांत्रिकदृष्ट्या ते शहाणपणाचंच. डॉकरच्या तयार इमेजमध्ये तर कंटेनर सुरू होताना हे सगळं आपोआप घडतं आणि लॉगमध्ये पडून राहतं. शंभर सर्व्हर सांभाळणाऱ्याने हाच मार्ग धरावा, त्याला मी अडवणार नाही. पण एखाद्या सॉफ्टवेअरने आपले फसलेले बेतही न लपवता नव्या यजमानासमोर पहिल्यापासून मांडावेत, ही मोकळीक मला रेडमाइनमध्येच भावते.

मायग्रेशन संपलं की ‘लोड डिफॉल्ट डेटा’. बग, फीचर, सपोर्ट हे तीन ट्रॅकर आणि ‘न्यू’पासून ‘रिजेक्टेड’पर्यंत सहा अवस्था यातून येतात. एखादं काम स्पष्ट नाकारायची सोय पहिल्या दिवसापासून आहे, हे मला फार आवडतं; आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत ती नसल्यामुळे कामं वर्षानुवर्षं ‘चालू’ असतात. हा डेटा भरण्याआधी कमांड एकच प्रश्न विचारते: भाषा कोणती? समोर भाषांच्या कोडची रांग असते. अरबी आहे, बास्क आहे, मंगोलियन आहे. मी पाहिलेल्या आवृत्त्यांत मराठीचा ‘एमआर’ दिसला नाही. ‘कॉन्फिग’मधल्या ‘लोकेल्स’ फोल्डरात इंग्रजीची एक साधी मजकुराची फाइल आहे, हजाराहून अधिक ओळींची. तिचं मराठी भाषांतर करायला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल, मराठी नीट यावं आणि कोलननंतर जागा सोडायचं भान असावं. चारपाच जणांनी वाटून घेतलं तर काम जड नाही. कोणीतरी घ्या मनावर.