समीकरण जुळले, पण अभिक्रिया?

'धातू + विरल आम्ल → क्षार + हायड्रोजन' हे शब्द-समीकरण माध्यमिक शाळेतल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. धातू जस्त, मॅग्नेशियम किंवा लोखंड आणि आम्ल हायड्रोक्लोरिक किंवा विरल सल्फ्युरिक असेल, तर त्याविरुद्ध काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती ते सरसकट नियम म्हणून शिकवण्याबद्दल. अपवाद आलाच तर तो एखाद्या ओळीत, कारण न देता उरकला जातो.

मग तांबे आणि नायट्रिक आम्ल समोर आले, की विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो:

तांबे + २ नायट्रिक आम्ल → कॉपर नायट्रेट + हायड्रोजन

अणू मोजून पाहा, दोन्ही बाजू चोख जुळतात. तरीही असे घडत नाही! जमाखर्च जुळला म्हणून व्यवहार झालाच, असे थोडेच आहे?

प्रत्यक्षात संहत आम्लातून नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू निघतो. विरल आम्लातून मुख्यतः रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि हवा लागताच तोही तपकिरी होतो. सोनारकामात तेजाबातून उठणारा धूर तो हाच. तो विषारी आहे. फुप्फुसांवरचा परिणाम कधीकधी काही तासांनी दिसतो. हायड्रोजन निघेल या समजुतीने पेटती काडी घेऊन नळीवर वाकणाऱ्या मुलाचे नुकसान केवळ गुणांचे नसते.

विरल आम्लासाठी समीकरण असे:

३ तांबे + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

हे ३ आणि ८ कुठून आले? तांबे आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयनांना देत नाही, पण नायट्रेट आयन ते ओढून घेतो. तांब्याचा एक अणू २ इलेक्ट्रॉन देतो, तर नायट्रेटमधला नायट्रोजन ३ घेतो. म्हणून ३ अणूंनी दिलेले ६ इलेक्ट्रॉन २ नायट्रेट घेतात. आम्लाचे उरलेले ६ रेणू लागतात ते क्षारातल्या नायट्रेटसाठी. फळ्यावर पाच मिनिटांत होणारा हा हिशेब टाळून आपण मुलांना आकडे घोकायला लावतो.

याच्या उलट, 'नायट्रिक आम्लातून हायड्रोजन कधीच मिळत नाही' हे विधानही खरे नाही. अतिविरल आम्लात मॅग्नेशियम टाकले, तर तो मिळतो.

नायट्रिक आम्लाचा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी शिक्षकांनी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तांब्याचा स्वच्छ तुकडा टाकून तासभर ठेवावा. बुडबुडे येणार नाहीत. बाणाच्या उजवीकडे काय लिहायचे, असे मुले विचारतील. इथे बाणच काढायचा नाही, हे त्यांना तेव्हा सांगावे.