घोड्याची पाठ कोण पाहते?

ऑगस्ट २००९ मध्ये इंग्लंडमधल्या विंडसर इथे ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींची, युरोपीय स्पर्धा झाली. टोटिलास हा काळाभोर घोडा आणि त्याचा डच स्वार एडवर्ड गाल यांना संगीतावरच्या सादरीकरणासाठी ९०.७० टक्के गुण मिळाले. तोवर नव्वदी कुणीच ओलांडलेली नव्हती. डिसेंबरात लंडनला ही जोडी ९२.३० वर गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या केंटकीत तिने जागतिक स्पर्धेची तीन सुवर्णपदके घेतली. ज्यांनी आयुष्यात कधी घोड्याला हात लावला नव्हता, तेही टोटिलासचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहू लागले. त्याच वेळी ड्रेसाजमधल्या जाणत्यांत मात्र उभी फूट पडली. एका बाजूला हा शतकातला घोडा ठरला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की परीक्षक आपलेच नियम विसरले.

वाद समजून घ्यायला त्याची लांबवलेली दुडकी पाहावी. दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात, म्हणजे पुढचा डावा मागच्या उजव्याबरोबर. घोडा खऱ्या अर्थाने पसरून धावत असेल, तर हवेतल्या त्या जोडीच्या पायांच्या नळ्या बाजूने पाहताना जवळजवळ समांतर दिसतात. टोटिलासचा पुढचा पाय आडवा होईपर्यंत उचलला जायचा, गुडघ्यातून झटक्याने सरळ व्हायचा आणि खुराचे टोक दूरच्या एखाद्या बिंदूकडे रोखलेले असायचे. क्षणभर श्वास रोखावा असे ते दृश्य होते. मग तो खूर मागे यायचा आणि रोखलेल्या जागेच्या बराच अलीकडे टेकायचा. त्याच्या जोडीचा मागचा पाय तेवढा पुढे आलेलाच नसायचा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा, म्हणजे एफईआयचा, नियम स्पष्ट आहे : लांबवलेल्या दुडकीत पुढचा खूर जिकडे रोखला आहे तिथेच पडला पाहिजे, आणि पुढचे-मागचे पाय सारख्याच मापाने पुढे गेले पाहिजेत. नियम असा आणि गुणपत्रिका तशी. हे अंतर कसे पडले, हाच मला ड्रेसाजच्या आजच्या स्थितीचा कळीचा प्रश्न वाटतो.

या प्रश्नाला शरीरशास्त्राच्या भाषेत सर्वांत जोरकसपणे भिडले ते गेर्ड हॉइशमान. हे जर्मन पशुवैद्य स्वतः घोडेस्वार आहेत. २००६ साली आलेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकाने जर्मनीत मोठी खळबळ उडवली. पाठीने चालणारा घोडा आणि पायांनी चालणारा घोडा असा भेद जर्मन परंपरेत आधीपासूनच होता, तो त्यांनी नव्याने मांडला. घोड्याच्या माथ्यापासून मानेवरून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत एक बळकट अस्थिबंध जातो आणि पुढे पाठीच्या कण्यावरून पुठ्ठ्यापर्यंत त्याची सांधणी होते. घोडा मान पुढे-खाली मोकळी सोडतो, तेव्हा हा बंध ताणला जाऊन पाठ उचलली जाते. पाठीचे लांब स्नायू सैल राहतात आणि मागचे पाय पोटाखाली येतात. स्वाराने हातांच्या जोराने मान आखडली, तर तेच लांब स्नायू ताठरतात आणि पाठ दबते. अशा घोड्याचे पाय उंच उडतात आणि खूप आकर्षक दिसतात, पण शरीराचा मधला भाग त्या हालचालीत सामीलच नसतो. नवख्या डोळ्याला तो उडणारा पाय दिसतो. पाठ पाहायला सवय लागते.

मान आखडण्याच्या या पद्धतीचे गाजलेले नाव रोलकूर. घोड्याची हनुवटी जवळजवळ छातीला टेकेल इतकी मान गोल करून त्याला राबवायचे. नियमपुस्तक सांगते की दोन कानांमधला माथा हाच सर्वांत उंच बिंदू असावा आणि नाक लंबरेषेच्या किंचित पुढे असावे. सरावात मात्र नेमके उलटे रूप दिसू लागले. निकोल उपहोफ या स्वाराचा घोडा रेम्ब्रांट सोल आणि बार्सिलोना अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. त्याला सरावात असे खोल राबवले जाते याची चर्चा तेव्हाच सुरू झाली होती. पुढे डच स्वार अँकी फान ग्रून्सफेन हिने २००० साली सिडनीत बॉनफायरवर, २००४ साली अथेन्सला आणि २००८ साली हाँगकाँगमध्ये सालिनेरोवर सुवर्ण मिळवले. मग ही पद्धत डच यशाचीच खूण मानली गेली.

तिच्या समर्थकांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. त्यांच्या मते तापट, संवेदनशील घोड्याला ही तालीम माणूस व्यायामात घेतो तसाच ताण देते. काही मिनिटे खोल, मग मोकळे, मग पुन्हा खोल. जाणकाराच्या हातात ती व्यायामच असते. एफईआयने २००६ साली लोझानमध्ये यावर कार्यशाळा घेतली, तेव्हा अनुभवी स्वाराच्या हातून इजा होते असा पुरावा पुढे आला नव्हता. ट्रेडमिलवरच्या काही मोजमापांत तर पाठीची हालचाल वाढल्याचेही दिसले होते. पण ट्रेडमिलवरचा मोकळा घोडा निराळा आणि लगाम, टाच, नाकपट्टी यांच्या मध्ये धरलेला घोडा निराळा. उटा क्योनिग फॉन बोर्स्टल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली घोड्यांनाच विचारले. इंग्रजी वाय अक्षरासारख्या मार्गाची एक बाजू रोलकूरमध्ये राबण्याकडे जायची आणि दुसरी नेहमीच्या मानेने चालण्याकडे. दोन्हींचा अनुभव दिल्यावर निवड घोड्यावर सोडली. १५ पैकी १४ घोड्यांनी दुसरी बाजू पसंत केली. मला हा प्रयोग बाकी सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोलाचा वाटतो.

२००९ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या सराव मैदानावर चित्रित झालेली एक फीत फिरू लागली. मान आखडलेल्या घोड्याची निळसर जीभ तोंडाबाहेर लोंबत होती. फेब्रुवारी २०१० मध्ये लोझानला गोलमेज बैठक झाली. हॉइशमान चाळीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन घेऊन गेले. एफईआयने जो तोडगा काढला तो आजवर वादात आहे. जोरजबरदस्तीने साधलेली अतिवक्रता अमान्य. जोर न वापरता मान खाली, खोल आणि गोल ठेवणे मान्य. कोणतीही एक मुद्रा साधारण दहा मिनिटांपेक्षा जास्त धरू नये, असेही नंतर सांगितले गेले. दोन्हींत मानेचा आकार एकच, फरक फक्त स्वाराच्या हातातल्या जोराचा, आणि तो जोर कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाने डोळ्यांनी ताडायचा. असा नियम राबवता येईल असे मला कधीच वाटले नाही.

शास्त्रोक्त परंपरेचे पाईक म्हणवणारे अनेकदा असे बोलतात, की पूर्वी सारे मायेने चालले होते आणि स्पर्धेने घात केला. हे खरे नाही. इ.स. पूर्व चौथ्या शतकातला झेनोफन जबरदस्तीविरुद्ध बोलतो हे खरे, पण १५५० साली पुस्तक लिहिणारा नेपल्सचा फेदेरिको ग्रिझोने घोड्याला वठणीवर आणण्याचे जे उपाय सांगतो ते वाचवत नाहीत. १७३३ च्या ग्रंथात गेरिनिएरने खांदा आत घेण्याचा व्यायाम सविस्तर मांडला. त्यात घोडा आतल्या बाजूला वाकून पुढे सरकतो आणि मागच्या आतल्या पायावर भार घेतो. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आजही त्याच पायावर उभी आहे. पण पुढच्याच शतकात पॅरिसच्या सर्कशीत नाव काढलेल्या फ्रांस्वा बोशेने जागच्या जागी जबडा आणि मान वाकवून घोड्याचा विरोध मोडण्याची पद्धत काढली. त्यावरून फ्रान्समध्ये काउंट द'ओर यांच्याशी आणि जर्मनीत लुई झेगर यांच्याशी जी जुंपली, ती भाषेसकट आजच्या भांडणासारखी आहे. उतारवयात बोशेने स्वतःच आपली पद्धत बरीच मवाळ केली. आज फ्रेंच हलकेपणाच्या नावाने बोलणारे फिलिप कार्ल जर्मन शिक्षणक्रमावर कडाडून टीका करतात, तर जर्मन जाणते त्यांच्या पद्धतीत मान फार वर उचलली जाते असे म्हणतात. त्यामुळे शास्त्रोक्त पद्धत ही एकच एक वस्तू आहे असे समजून भांडणे मला पटत नाही. यातल्या प्रत्येक परंपरेत मऊ हात होते आणि कठोर हातही होते.

आणखी एक गोष्ट टीकाकार सोडून देतात, ती म्हणजे पैदास. गेल्या पन्नास वर्षांत हॉलंड आणि जर्मनीत वंश निवडून जे घोडे तयार झाले, ते तीन वर्षांचे होण्याआधीच मोकळ्या कुरणात पाय उडवत धावतात. लिलावात अशा शिंगराची किंमत त्याच्या दुडकीवर ठरते. मोठी चाल दिसली की तालमीत छळ झाला असे म्हणणे अन्याय्य आहे. टोटिलासला पुढच्या पायांची ती झेप जन्मतःच मिळाली होती. प्रश्न एवढाच, की अशा घोड्याला शिकवताना मागच्या पायांना पुढच्यांच्या बरोबरीला आणले की पुढच्यांचाच देखावा आणखी फुलवला. २०१० साली तो पॉल शॉकेमोले या नव्या मालकाकडे जर्मनीत गेला. मग दुखणी सुरू झाली. २०१५ साली आखेनच्या युरोपीय स्पर्धेत सगळ्यांसमोर तो अडखळत चालला. मागच्या डाव्या पायाच्या हाडाला सूज निघाली आणि त्याची कारकीर्द संपली. या एका उदाहरणाने कोणाचीही बाजू सिद्ध होत नाही, पण ते चित्र पुसलेही जात नाही.

माझा आक्षेप परीक्षणावर आहे. मैदान २० बाय ६० मीटरचे. मुख्य परीक्षक आखूड बाजूच्या मध्यावर बसतो. घोडा त्याच्याकडे समोरून येतो तेव्हा त्याला छाती आणि उचललेले पुढचे पाय दिसतात. पाठ आणि मागच्या पायांचे माप लांब बाजूला बसलेल्यांनाच नीट दिसते. सगळ्यांच्या गुणांचे वजन मात्र सारखे. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण द्यायला काही सेकंद मिळतात. डोळा सर्वांत ठळक गोष्टीवर जातो, हे स्वाभाविक आहे. १९९२ आणि २००८ मधल्या अव्वल घोड्यांच्या मानेची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. नंतरच्या काळात नाके लंबरेषेच्या मागे अधिक गेलेली त्यात आढळली. नियम बदलला नव्हता, तरी घोडे बदलले. स्वार वर्षानुवर्षे जी गुणपत्रिका वाचतो, तिच्याप्रमाणेच सोमवारी सकाळी घोडा घडवतो.

म्हणून मी साधी चाल पाहायला सांगेन. ड्रेसाजचे रसिक पियाफ (जागच्या जागी दुडकी) आणि पासाज (उंच, संथ दुडकी) यांसाठी टाळ्या वाजवतात आणि साध्या चालीच्या वेळी आपसांत बोलतात. वास्तविक तिथेच सगळे कळते. मोकळ्या घोड्याचे चार पाय चार स्वतंत्र ठोक्यांत पडतात, मागचा खूर पुढच्याच्या ठशापलीकडे जातो, मान प्रत्येक पावलाबरोबर किंचित डुलते. ताणलेल्या घोड्याची मान स्थिर राहते, एकाच बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकत्र पडू लागतात आणि चार ठोक्यांचे दोन होतात. असे झालेले घोडे पदके घेऊन गेलेले आहेत. गाल-टोटिलासनंतर विक्रम मोडणारी जोडी होती शार्लोट डुजार्डिन आणि वालेग्रो. २०१४ च्या डिसेंबरात ९४.३० टक्के. वालेग्रोची चाल तालबद्ध होती, पाठ जिवंत होती, आणि तरी तो तेवढाच थरारक होता. सुसंवाद आणि देखावा एकत्र नांदू शकतात याचा पुरावा म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे बोट दाखवत असू. २०२४ च्या जुलैत, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, त्याच डुजार्डिनची काही वर्षांपूर्वीची फीत बाहेर आली. शिकवणीच्या वेळी दुसऱ्याच एका घोड्याच्या पायांवर ती लांब चाबकाने वारंवार फटके मारताना दिसत होती. तिने चूक कबूल करून माघार घेतली. नंतर एक वर्षाची बंदी आणि दहा हजार स्विस फ्रँक दंड झाला. यामुळे वालेग्रोची पाठ खोटी ठरत नाही. पण मैदानावरचे सौंदर्य तबेल्यातल्या वागणुकीची हमी देते, हा शास्त्रोक्त बाजूचा जुना विश्वास त्या फितीने मोडला, आणि मला ते मान्य करणे जड गेले तरी मान्य केले पाहिजे.

२०२५ पासून एफईआयने नाकपट्टीचा घट्टपणा मोजायचे एकच प्रमाणित साधन लागू केले. पूर्वी दोन बोटे आत जातील इतकी सैल हवी असे म्हणायचे, आणि बोटे कोणाची, हा वाद व्हायचा. सुधारणा छोटी आहे, पण मोजता येणारी आहे. २०१० च्या तोडग्यात नेमके हेच नव्हते.

आपल्याकडे हा वाद दूरचा वाटू नये. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकले. संघात मुंबईचा हृदय छेडा होता, आणि अनुष अगरवालाने वैयक्तिक कांस्यही मिळवले. हे स्वार युरोपात शिकले, तिथल्याच घोड्यांवर त्यांनी स्वारी केली. युरोपातली भांडणेही त्यांच्याबरोबर इथे येणार. आणि आपली स्वतःची भांडणे आहेतच. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात. जाणता शेतकरी तिथे रेवाल चाल पाहतो, स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळणार नाही अशी. गर्दी मात्र ढोलावर पुढचे पाय उंच उचलून नाचणाऱ्या घोड्याभोवती जमते, आणि बोली तिथेच चढते. वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी कडी घातलेली आजही आढळते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी तिच्यावर बंदी आहे. सारंगखेड्याच्या नाचाच्या स्पर्धेत घोडा रिंगणात उतरण्यापूर्वी त्याचे तोंड उघडून कडी तपासावी आणि काटे निघाले तर त्याला बाद करावे. त्याला ना परदेशी साधन लागते, ना नवा कायदा. यात्रेच्या आयोजकांनी येत्या दत्तजयंतीलाच हे सुरू करावे.