पळसाला पाने तीनच

परप्रांती बदली झालेल्या मराठी माणसास एक म्हण हमखास आठवते : कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. आपण ती बहुधा उसासा टाकण्यापुरती वापरतो. परंतु ज्या कोणी ती प्रथम उच्चारली, त्याने पळस नीट पाहिला होता. एका देठावर तीन पर्णिका, कमी नाहीत नि अधिकही नाहीत. लहान मुलांसाठी निसर्गाची चित्रपुस्तके काढणाऱ्यांना हीच कसोटी लावावी, असे मला वाटते. चित्रकाराने झाड पाहिले आहे काय?

आपल्याकडील पुष्कळशी पुस्तके या कसोटीस उतरत नाहीत. एका पानावर एक प्राणी आणि त्याखाली त्याचे नाव. सिंह, जिराफ, पेंग्विन यांची ही मालिका म्हणजे फार तर सचित्र शब्दसूची होय. कोऱ्या पानावर अधांतरी उभा असलेला वाघ कोणत्या रानातला, हे ते चित्र सांगतच नाही. वस्तुतः निसर्ग म्हणजे परस्परसंबंध. पळस रंगवायचा तर तो उन्हाळ्याच्या तोंडचा, पाने झडलेला, केशरी फुलांनी डवरलेला असा रंगवावा; मधासाठी आलेल्या साळुंक्या आणि शिंजीर त्यावर असावेत. हिरव्यागार पानांत तांबडी फुले खोचून दिली की ते झाड पळसाचे राहत नाही.

अशी चूक थोरांच्या हातूनही होते. एरिक कार्ल यांचे खादाड सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले आणि जगभर गाजले. पानांना पाडलेल्या छिद्रांत बोट घालून मूल सुरवंटाची भूक अनुभवते, ही योजना अपूर्वच म्हटली पाहिजे. तथापि त्यातील फुलपाखरू कोसल्यातून बाहेर येते. कोसला विणणे हा मुख्यतः पतंगांचा उद्योग. फुलपाखराचा कोष निराळा असतो. पुस्तकाची गोडी यामुळे नाहीशी होत नाही. परंतु चार वर्षांचे मूल छापलेले सारे खरेच मानते, ही जबाबदारी थोडीथोडकी नव्हे.

मग सारे छायाचित्रासारखे हुबेहूब काढावे काय? मुळीच नाही. याचे उत्तर जबलपूरहून फार दूर शोधावे लागत नाही. पूर्वेकडील दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ नावाचे गोंडांचे गाव आहे. जनगढ सिंह श्याम तेथलेच, आणि त्यांच्या मागून आलेले भज्जू श्यामही. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचे 'द नाईट लाईफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली काढले. २००८ साली बोलोन्या येथे त्याचा गौरव झाला. काळ्या कागदावर हाताने छापलेली ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभणार नाहीत. तरी ती खरी वाटतात, कारण त्यांत झाड एकटे नसते. पाखरू, साप, माणूस, देव यांच्याशी त्याचे नाते असते. तो ग्रंथ अगदी लहानांचा नव्हे, हे मान्य; त्यातील कथा मोठ्यांनीच उलगडून सांगाव्या लागतील. परंतु त्यातील दृष्टी बालपुस्तकांस उसनी घेता येण्याजोगी आहे.

मराठीतही वाट अगदीच अनोळखी नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'चित्रवाचना'त मूल आधी चित्र वाचते, मग बोलू लागते. पक्ष्यांच्या नावांचीही वाण नाही. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'त ती विपुल आहेत. उणीव आहे ती या दोहोंची गाठ बालकांच्या पानावर घालून देण्याची.

ही उणीव आपणां बाहेर राहणाऱ्यांस अधिक जाचते. गोहलपुरासारख्या दाट वस्तीतील मराठी मूल खार पाहते आणि 'गिलहरी' म्हणते; पळसाला 'टेसू' म्हणते. यात गैर काही नाही. तीही त्याचीच भाषा आहे. परंतु घरातले मराठी पुस्तक जर त्याला पेंग्विनच दाखवीत राहिले, तर मराठी शब्द ही न दिसणाऱ्या वस्तूंची भाषा होऊन बसेल. खार, साळुंकी, मोह, पळस ही येथेही आहेत आणि मुलुखातही. त्यांचेच पुस्तक हवे, आणि त्यातल्या पळसाला पाने तीनच हवीत.