संगणकीय कलेतील निसर्ग : हुबेहूबपणा आणि उणेपणाची जाणीव

निसर्गाचा ऱ्हास आणि हवामानबदल हे विषय घेऊन घडविलेल्या डिजिटल कलाकृतींची चर्चा करताना बहुधा दोनच गोष्टी वाखाणल्या जातात : विषयाचे गांभीर्य आणि तंत्राचे नैपुण्य. वस्तुतः या दोहोंपैकी एकही स्वयमेव कलामूल्य नव्हे. विषय गंभीर असला म्हणून कृती गंभीर ठरत नाही. आणि पडद्यावरचे पान खऱ्या पानासारखे हलले म्हणजे निसर्गाचा प्रत्यय येतोच असेही नाही. खरा प्रश्न असा की, जे नाहीसे होत आहे त्याच्याशी यंत्राने घडविलेली ही प्रतिमा कोणते नाते सांगते? दोन कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल.

आयरिश कलावंत जॉन जेरार्ड यांची ‘वेस्टर्न फ्लॅग’ ही कृती २०१७ सालच्या वसुंधरा दिनी लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये भव्य पडद्यावर मांडण्यात आली. टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि अमेरिकेतील तेलयुगाला वेग आला. जेरार्ड यांनी त्याच उजाड जागेवर एक खांब कल्पिला असून त्याच्या टोकाशी काळा धूर ध्वजासारखा अखंड फडकत राहतो. हे चित्रीकरण नव्हे; संगणक प्रत्येक क्षण त्या त्या वेळी नव्याने घडवितो. टेक्सासमध्ये दिवस उजाडला की प्रतिमेतही उजाडते. कृतीला आरंभ नाही, अंतही नाही.

या कृतीवर एक आक्षेप सहज संभवतो. वातावरण तापविणारा कार्बन डायऑक्साइड वर्णहीन असतो, आणि न दिसणे हेच त्याच्या धोक्याचे मर्म होय. काळा धूर दाखविल्याने अदृश्य संकटाच्या जागी एक जुनी, परिचित भीती येते. आक्षेप खोटा नाही. तथापि कृतीचा आशय धुराच्या रंगात नसून त्याच्या न संपण्यात आहे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. त्या परिभाषेत बोलायचे तर येथे ध्वजाचा डौल आणि धुराचा विनाश यांचा विरोध उभा राहतो, परंतु समतोल हेतुपूर्वक नाकारला जातो. प्रेक्षक निघून जातो. ध्वज फडकतच राहतो.

अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांची ‘द सब्स्टिट्यूट’ (२०१९) ही कृती याहून सूक्ष्म आहे. उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या उपजातीतील अखेरचा नर ‘सूडान’ १९ मार्च २०१८ रोजी केनियात मरण पावला. मागे दोन माद्याच उरल्या. गिन्सबर्ग यांनी पूर्णाकृती संगणकीय गेंडा घडविला. तो प्रथम ओबडधोबड ठोकळ्यांचा दिसतो. रिकाम्या खोलीत वावरता वावरता त्याचे रूप नितळ होत जाते. पण त्याच्याभोवती ना गवत आहे, ना चिखल, ना कळप. प्रतिमा जितकी हुबेहूब होते, तितका हा अभाव अधिक बोचतो. शीर्षकाचा अर्थच मुळी ‘बदली’. आणि बदली आलेला मूळ ठरू शकत नाही, हे कृती स्वतःच कबूल करते.

या कलाप्रकारापुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अशा कृती विजेवर जगतात, आणि जगातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळसा व वायू जाळूनच निर्माण होते. म्हणजे शोक करणारी कला ज्याचा शोक करते त्या हानीत अंशतः सहभागीच असते. केवळ विषयाच्या उदात्ततेने या विसंगतीचे परिमार्जन होत नाही. ते झालेच तर कृतीच्या घाटातून व्हावे लागते. प्रेक्षकाला नेत्रसुख देऊन निसर्ग अद्याप शाबूत असल्याचा भास निर्माण करणारी प्रतिमा या कसोटीस उतरत नाही. ‘वेस्टर्न फ्लॅग’ आपल्या अखंड चालण्यातून ही विसंगती सुचविते, पण तिची कबुली देत नाही. ‘द सब्स्टिट्यूट’ मात्र स्वतःचे कृत्रिमपण लपवीत नाही, म्हणून ती अधिक विश्वसनीय वाटते.

तात्पर्य, संगणकीय निसर्गचित्राचे यश हुबेहूबपणात नसून स्वतःच्या उणेपणाचे भान राखण्यात आहे. हे भान सुटले की उरते ती केवळ सजावट. आणि सजावटीने हरवलेल्याची आठवण होत नाही, विसर मात्र पडतो.